ज्ञानाचे भाडे



संशोधनपर नियतकालिकांच्या व्यापाराची रीत विलक्षण आहे. लेख लिहितो प्राध्यापक. त्याला मोबदला नाही. लेख तपासतो दुसरा प्राध्यापक. त्यालाही सहसा नाही. दोघांचे वेतन व प्रयोगशाळेचा खर्च बहुतांशी जनतेच्या करातून होतो. आणि छापून आलेला तोच लेख त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला प्रकाशकाकडून विकत घ्यावा लागतो. गिरणीमालक निदान कापसाचे पैसे तरी मोजत असे!

या धंद्याचे मर्म रॉबर्ट मॅक्सवेलने महायुद्धानंतर लवकरच ओळखले. गहू महागला तर ज्वारीवर भागते. रसायनशास्त्राचे एक नियतकालिक महागले म्हणून दुसरे वाचून भागत नाही. त्याची पर्गमॉन प्रेस १९९१ साली एल्सेव्हिअरने विकत घेतली. त्याच वर्षी जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. वर्गणी डॉलर-पौंडांत आणि अनुदान रुपयांत, अशा कात्रीत भारतीय ग्रंथालये सापडली. परदेशी नियतकालिके बंद झाली. जी राखली, त्यांच्यासाठी पुस्तकांचा पैसा वळवावा लागला.

दुखणे केवळ गरिबांचे नव्हे. वर्षाकाठी सुमारे साडेसदतीस लाख डॉलरांचा हा भार पेलवत नसल्याचे २०१२ साली हार्वर्डमधील अध्यापकांना कळवण्यात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सेव्हिअरशी वाटाघाटी मोडल्या व दोन वर्षे वर्गणीवाचून काढली. २०२१ चा करार झाला तो तेथील संशोधकांचे लेख सर्वांना खुले करण्याच्या अटीसह.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. आडगावच्या सरकारी महाविद्यालयाला आता आयआयटीइतकेच वाचावयास मिळू शकते. हा लाभ खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु छापील अंक घेतला की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होत असे. आता मिळतो तो वाचण्याचा परवाना. करारात कायम हक्काची तरतूद नसेल, तर वर्गणी थांबताच मागचे अंकही दृष्टीआड होतात. मुदत संपल्यावर नव्या दराची बोलणी कोण कोणत्या बळावर करणार, हा खरा प्रश्न आहे.

ते बळ खुल्या भांडारांत आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच, आपल्या अनुदानातून झालेले लेख अशा भांडारांत ठेवावेत, असे धोरण ठरवले; अंमल ढिला राहिला. आपापल्या विद्यापीठात असे भांडार आहे काय आणि त्यात किती लेख जमा झाले, एवढे तरी प्राध्यापक संघटनांनी येत्या अधिसभेत विचारावे.