परमुलखातील बिऱ्हाड आणि कागदपत्रे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. राजधानी दुरावली, तरी उपजीविकेसाठी तेथील माणसे आजही हैदराबादेस जातात. चिक्कडपल्लीसारख्या वस्तीत बिऱ्हाड करणाऱ्याने प्रथम भाडेकरार नोंदवून घ्यावा; तो पत्त्याचा पुरावा होय. त्याआधारे नमुना ८ भरून मतदारयादीतील नाव नव्या पत्त्यावर न्यावे. गावची शिधापत्रिका मात्र रद्द करू नये. ती अन्नसुरक्षा योजनेतील व आधारशी जोडलेली असल्यास आपल्या वाट्याचे धान्य तेथील रास्तभाव दुकानात मिळते. उरलेले कुटुंबास गावी घेता येते. शिक्षक व गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी ही माहिती गाव सोडणाऱ्या प्रत्येकास द्यावी. परमुलखात गेल्याने नागरिकाचे हक्क संपत नाहीत. परंतु ते वेळीच नोंदवावे लागतात.