पानात किती? आणि पानात कुठे?
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पान तपासणीसाठी आपण नमुना आणून देता. आम्ही तो धुतो, वाळवतो, दळतो आणि अहवाल हाती देतो. खताची मात्रा ठरवायला तो उपयोगी आहेच. पण दळताना एक गोष्ट कायमची हरवते. घटक किती होता ते कळते, पानाच्या कोणत्या भागात होता ते कळत नाही. काळी, मुरमाड आणि चोपण अशा तिन्ही जमिनींची माती एकाच पिशवीत भरून दिल्यासारखे होते ते.

घाटे अळीला मात्र हा ‘कुठे’ बरोबर कळतो!

जर्मनीतील येना येथे माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे दाखवून दिले. ॲराबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातील एक लहान रोप त्यांनी घेतले. आपल्या हरभऱ्यावर, तुरीवर, कपाशीवर येते तीच हेलिकोव्हर्पा अळी त्यावर सोडली. अळीने पानाची मधली शीर आणि कडा बहुतांशी टाळल्या, आणि त्यांच्या मधला भाग खाल्ला. असे का?

घरात लोणच्यासाठी मोहरी फेसतात ते आठवा. अख्ख्या मोहरीला वास नसतो. पाणी घालून फेसली की नाकात झणका जातो. मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाचे द्रव्य आणि त्याला फोडणारे विकर वेगवेगळे साठवलेले असतात. चिरडल्यावर दोन्ही एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. अळीने पान चावले की तेच घडते. शास्त्रज्ञांना हे द्रव्य मधल्या शिरेत आणि कडेला जास्त आढळले, मधल्या पात्यात कमी. पान दळले असते तर फक्त सरासरी हाती आली असती.

हा नकाशा काढला मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचे वजन करणाऱ्या यंत्राने. पानावर लेसरचा प्रकाश शोषणाऱ्या द्रव्याचा पातळ थर देतात. मग बारीक लेसर किरण एकेका ठिपक्यावर मारतात. तिथले रेणू विद्युतभारित होऊन सुटतात आणि एका नळीतून धावतात. हलके आधी पोचतात, जड मागून येतात. खळ्यावर उफणताना भूस लांब जाते आणि दाणा जवळ पडतो, तशीच ही निवड. पोचायला लागलेल्या वेळेवरून वजन कळते. असे हजारो ठिपके जोडून संगणक रंगीत चित्र तयार करतो. अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये प्राण्यांच्या ऊतींसाठी ही रीत मांडली. पिकांकडे ती नंतर वळली.

हरभऱ्यातही असेच असेल, असा अर्थ मात्र काढू नका. हरभऱ्यात ग्लुकोसिनोलेट नसते. त्याची आंब हा वेगळाच बंदोबस्त आहे.

‘साहेब, हे यंत्र तालुक्याला कधी येणार?’ असे एका बागायतदाराने मला विचारले. खरे सांगतो, ते संशोधनाचे यंत्र आहे, किंमत मोठी आहे आणि नेहमीच्या पान तपासणीला ते पर्याय नाही. आपल्याला उपयोग होईल तो त्यातून निघणाऱ्या माहितीचा. इंग्लंडमधील संशोधकांनी याच पद्धतीने सूर्यफुलातील निकोसल्फ्युरॉन हे तणनाशक शोधले. पानावर दिलेले औषध खोडापर्यंत उतरलेले चित्रात दिसले.

आंतरप्रवाही औषध असे झाडाच्या आत शिरते. म्हणून ‘बाजारात नेण्यापूर्वी माल धुऊन घेतो’ एवढ्यावर विसंबू नका. धुण्याने वरचे काही निघते, आत गेलेले निघत नाही. ते कमी व्हायला दिवसच जावे लागतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत हे लेबलवर छापलेले असते. औषध विकत घेतानाच ते वाचा, आणि तोडणीची तारीख त्यावरून धरा.