ओळखीचे झाड

निसर्गातले सौंदर्य माणसाला आनंद देते, हे सर्वांना ठाऊक असते. तो आनंद टिकतो कशाने, हा खरा प्रश्न आहे. सहलीला गेलेला माणूस धबधबा पाहून हरखतो, फोटो काढतो आणि पुढच्या आठवड्यात विसरतो. त्याच माणसाच्या दारातला बहावा वैशाखात पिवळाधमक होतो, तेव्हा त्याला गेल्या वर्षीचा बहर आठवतो आणि त्या वर्षी घरात काय चालले होते तेही आठवते. पहिला आनंद भेटीचा, दुसरा ओळखीचा. भेटीचा आनंद विरतो. ओळखीचा दर वर्षी वाढतो. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलांसमोर ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

शाळा आहे तो भाईंदर पूर्वेचा केबिन रोड हा दाट वस्तीचा भाग. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेलेली होती. एवढ्या इमारतींत निसर्ग कुठून आणायचा, असे इथल्या मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. तो आणावा लागत नाही. उत्तरेला वसईची खाडी आहे, जिथे उल्हास नदीचे पाणी समुद्राला मिळते. पश्चिमेला उत्तनचा समुद्र आहे. पूर्वेला घोडबंदरच्या अंगाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात आजही बिबटे राहतात. खाडी, समुद्र आणि जंगल एकाच गावाच्या वेशीवर असणे हे मोठे भाग्य आहे.

यांतली खाडी सर्वांत जवळची. जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहिले की पश्चिमेला रेल्वेचा पूल दिसतो आणि सूर्य त्याच बाजूला उतरतो. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा ओसरते. भरतीची वेळ कोळीवाड्यात घड्याळावाचून काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. हा हिशेब ज्याला आला, त्याच्यासाठी घराच्या खिडकीतला चंद्र आणि खाडीतले पाणी यांचे नाते कायमचे जुळते.

काठावरची कांदळवने लांबून एकसारखी दिसतात. जवळ गेल्यावर तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात, कारण त्या गाळात हवा फारशी नसते. तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते. झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकते. पांढऱ्या चिपीची फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळतात. याच चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. वनस्पतिशास्त्रात यापुढे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते पुस्तकात मिळते. चिखलाचा वास पुस्तकात मिळत नाही.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या परिसरात शिकलेल्या माणसांना विचारले, तर पाठ्यपुस्तकातले धडे थोडे आठवतात, मिठागरे मात्र लख्ख आठवतात. पावसाळा सरला की बांध दुरुस्त होत. उधाणाचे पाणी आत घेतले जाई, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत सरकत ते ऊन-वाऱ्याने आटे, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरे. उन्हाळ्यात पांढऱ्या राशींकडे डोळे उघडून पाहवत नसे. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चालत, बगळे ध्यान लावून उभे राहत. एखादे शिक्षक पुस्तक मिटून सगळा वर्ग बांधापर्यंत नेत, आणि तो एक तास मुलांच्या मनात वर्षभराच्या तासांपेक्षा अधिक काळ राही. आज यांतली अनेक मिठागरे बंद आहेत. पण शाळेत शिकून गेलेला माणूस पाहुणा म्हणून परत येतो, तेव्हा व्यासपीठावर बसण्याआधी त्याची नजर त्या दिशेच्या खिडकीकडे जाते. डोळ्यांसमोरचे दृश्य गेले तरी आनंद उरला, याचा याहून मोठा पुरावा नको.

असा आनंद आयुष्यभर पुरतो, हे सालिम अली यांच्या चरित्रातून कळते. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलर्ड नावाच्या सचिवांनी तिचे नाव सांगितले आणि पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढे नोकरी नसलेल्या काळात, १९३० साली, अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच काम पुढे जाते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. ही घरटी कोकणातल्या प्रत्येक माणसाने पाहिलेली होती. इतका वेळ थांबून पाहणारा माणूस विरळा. १९८५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याचे नाव त्या चिमणीवरूनच ठेवले.

असेच थांबून पाहणे मराठी लेखनातही सापडते. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. बारा महिन्यांतली झाडे, फुले आणि आकाश त्यात क्रमाने येतात, आणि ते लिहिणारी बाई मुंबईकर होती. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात छत्तीस वर्षे काढली आणि पक्ष्यांची, झाडांची नावे रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा केली. दोघांच्याही लेखनात नावाला फार मोल आहे. ज्याचे नाव माहीत नाही, त्याची वाट पाहता येत नाही.

झाडे पाहण्याने माणसाला काय मिळते, याकडे वैद्यकानेही लक्ष दिले आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली.

या सगळ्यातून तरुणांसाठी एकच नियम निघतो: एक झाड, एक वही, एक वर्ष. झाड रोजच्या वाटेवरचे असावे. पिंपळ चालेल, सोनमोहर चालेल, राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण चालेल. रोज दहा मिनिटे त्याच्यापाशी थांबावे आणि एक ओळ लिहावी. पान कधी गळले, तांबूस पालवी कधी फुटली, कोकीळ कोणत्या दिवशी पहिल्यांदा ओरडला, कावळ्याने काड्या कधी आणल्या. परीक्षेच्या दिवसांतही ही ओळ चुकू नये. त्या दिवसांत तर मुळीच चुकू नये. मोबाइल खिशात राहावा, कारण फोटो काढला की पाहणे संपते. एक झाड, एक वही, एक वर्ष: यापेक्षा स्वस्त शिकवणी मुंबईच्या आसपास नाही.

पहिल्या रांगांत बसलेल्या पाचवी-सहावीच्या मुलांना हे सर्वांत सोपे जाईल, कारण त्यांना अजून खाली वाकून पाहण्याची लाज वाटत नाही. मागे उभ्या असलेल्या पालकांनी त्यांना दहा मिनिटे मोकळी द्यावीत. स्वतःचा हातही आवरावा: लोकलने खाडी ओलांडताना निर्माल्याची पिशवी पुलावरून फेकणारा हात मुले पाहत असतात, आणि खाली पाणजू बेटावर माणसे राहतात. शिक्षकांनी वर्षातून एक तास भिंतींबाहेर घ्यावा.

पहिल्या वर्षी वहीत नुसत्या नोंदी जमतात. वही पुढे चालू ठेवली तर दुसऱ्या वर्षी पालवी आठ दिवस उशिरा आली, हे कळते आणि त्या आठ दिवसांत मूल तिची वाट पाहते. ओळख जुळते ती तिथेच.