तळ्याच्या तळाचा पंचनामा



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत अमेरिकेतल्या तळ्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण पंचनामा म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? गारपीट झाली, बोंडअळी पडली, की पंचनामा. तो कोणी केला, कधी केला, बांधावर येऊन केला की चावडीत बसून केला, यावर आपल्या पदरात काय पडणार ते ठरते. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्यानेच पंचनामा लिहिला तर त्यात काय उतरेल, ते सांगायला नको. लष्कराने पाण्यात टाकलेल्या कचऱ्याचा पंचनामा एका लहानशा आदिवासी जमातीने कसा आखला, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

हे सुपीरियर सरोवर. तळे म्हटले तरी पसारा ८२ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून मोठा. काठावर मिनेसोटा राज्यातले डुलुथ शहर आहे आणि ते याच सरोवराचे पाणी पिते. १९५९ ते १९६२ या काळात अमेरिकन लष्कराने डुलुथजवळ या सरोवरात चौदाशेहून जास्त लोखंडी ड्रम बुडवले. ५५ गॅलनचे, म्हणजे फवारणीचे पाणी कालवायला आपण दोनशे लिटरचा ड्रम वापरतो, त्याच मापाचे. मिनियापोलिसजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातले ते भंगार होते. बाँबचे सुटे भाग गुप्त होते, नमुना रशियाच्या हाती लागू नये म्हणून ते खोल पाण्यात टाकले, असे कारण पुढे सांगण्यात आले. रशियाच्या हाती लागले नाही हे खरे; पण ज्यांच्या घशाखाली ते पाणी जात होते त्यांनाही कोणी सांगितले नाही.

लष्कराशी आमचे वैर नाही. आपलीच पोरे तिथे जातात. पण जुना दारूगोळा हा साधा कचरा नव्हे, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

तर, साठीच्या दशकाच्या अखेरीस एका मच्छीमाराच्या जाळ्यात ड्रम आला आणि बोलाचाली सुरू झाली. सरकारी तपास खऱ्या अर्थाने झाला तो १९९० ते १९९४ या काळात. वर काढले किती? नऊ. चौदाशेंतून नऊ! खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीच्या वरच्या थरातला मूठभर कापूस उपसतो आणि साऱ्या गाडीचा भाव पाडतो, तेव्हा आपण त्याच्याशी भांडतो की नाही? इथे फरक एवढाच, की मूठभर पाहून माल चांगला ठरवला गेला.

रेड क्लिफ ही ओजिब्वे लोकांची जमात सरोवराच्या दक्षिण काठावर, विस्कॉन्सिन राज्यात राहते. १८४२ आणि १८५४ च्या करारांनी त्यांची जमीन गेली, मासेमारीचा हक्क राहिला. तोही १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पुन्हा मान्य करून घ्यावा लागला. मासा हेच त्यांचे पीक. म्हणून २००० नंतरच्या दशकात या जमातीने तपास स्वतःकडे घेतला. आदिवासींच्या जमिनी-पाण्याचे लष्करी कामांमुळे जे नुकसान झाले, त्याच्या निवारणासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा एक कार्यक्रम आहे. पैसा त्यातून आला. हे आम्हाला रास्त वाटते. घाण ज्याने केली, खर्च त्याने द्यावा; पण लेखणी त्याच्या हातात असू नये. अर्थात पैसे देणाऱ्याचा हात पुरता सुटत नाही, हेही आपण अनुदानांच्या अनुभवावरून जाणतो.

आता आखणी. बाटली भरून पाणी तपासायला पाठवले म्हणजे तपास झाला, असा आपल्याकडे समज आहे. एवढ्या पाण्यात काहीही विरघळले तरी बाटलीत शून्यच दिसायचे. जड धातू गाळाला धरून बसतात. म्हणून गाळ तपासायचा, तोही ड्रमच्या अगदी लगतचा, आणि सोबत जिथे काहीच टाकलेले नाही अशा जागेचा. तुलनेला चांगले वावर नसेल तर खराब वावर किती खराब, ते ठरत नाही. प्रत्येक नमुन्यावर जागा, खोली, तारीख, वेळ लिहायची, सील लावायचे, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला त्याची नोंद ठेवायची. नाहीतर पुढे एकच वाक्य पुरते : हा नमुना तिथला नव्हेच.

पण गाळ काढायचा कुठून? आधी कागद हवेत. काय भरले, किती भरले, कोणत्या फेरीत कुठे नेले, हे दप्तरात शोधायचे. दप्तर अपुरे असते, म्हणून काठावरच्या जुन्या माणसांना विचारायचे. जाळे कुठे अडकते हे मच्छीमाराला नकाशावाचून माहीत असते. मग आवाजाच्या लहरी सोडून तळ चाचपायचा. जमातीने २००८ मध्ये हे काम केले तेव्हा तळावर शेकडो वस्तू दिसल्या. प्रत्येक वस्तू काही ड्रम नसते, म्हणून यंत्राने कॅमेरा खाली सोडून पाहावे लागते. ड्रममध्ये किरणोत्सारी माल असल्याची बोलवा फार वर्षांची होती. ती हसण्यावारी नेली नाही, यंत्र लावून मोजले. किरणोत्सार आढळला नाही. अफवा मोजमापाने मिटते, पत्रकाने मिटत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात पंचवीस ड्रम वर काढले. बहुतेकांमध्ये निघाले ते समूह बाँबमधले छोटे पेले, आणि त्यांत जिवंत स्फोटक! भंगार मिळेल अशी अपेक्षा होती. कामाची पद्धत जागच्या जागी बदलावी लागली, आणि योजले होते त्यापेक्षा कमी ड्रम काढून थांबावे लागले. पन्नास वर्षे फक्त भंगार म्हणून जे सांगितले गेले, ते किती पोकळ होते हे हाताला लागले ते उघडून पाहिल्यावरच.

आणि पाण्याचे काय? पाण्याला आणि माणसांना तातडीचा धोका आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला. सनसनाटीची वाट पाहणाऱ्यांना तो सोयीचा नव्हता. तरी आम्ही तो जसाच्या तसा सांगतो, कारण आपल्याला पाहिजे तेच उत्तर येणार असेल तर तपासाचा खटाटोप कशाला? मात्र हा निष्कर्ष पंचवीस ड्रमांचा आहे, चौदाशेंचा नाही. लोखंड गंजते. आज बंद असलेला ड्रम वीस वर्षांनी बंद राहील, याची हमी त्यात नाही.

मग सगळे वर काढावेत का? इथे आमच्यातही एकमत नाही. स्फोटक हलवले तर फुटू शकते, कुजलेला ड्रम उचलताना तुटून आतला माल गाळात सांडू शकतो. स्वित्झर्लंडने तर १९१८ ते १९६४ या काळात आपल्या सरोवरांत हजारो टन दारूगोळा टाकला, आणि तो सुरक्षित वर कसा काढावा याच्या कल्पनांसाठी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने पन्नास हजार फ्रँकची बक्षिसे जाहीर केली. टाकायला मात्र कोणाची कल्पना विचारावी लागली नव्हती.

सुपीरियरच्या तळाचे बाकीचे ड्रम १९६२ पासून तिथेच आहेत. फरक एवढा, की ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांचा नकाशा आता एकट्या लष्कराच्या दप्तरात नाही.