धाडस आणि भांडवल
(नाते येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



ज्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला, तेथे पुराव्यावाचून विधान करण्याचा धीर आम्हांस होत नाही. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मोजल्यावाचून बोलू नये, हा धडा त्यांच्या जन्मगावी तरी विसरू नये.

आपल्या मंडळींत एक वाक्य दरवर्षी कानी पडते : ‘आपली मुले नोकरीची सावली सोडीत नाहीत, त्यांच्या अंगी धाडसच नाही.’ हे वाक्य कोणी कधी पारखून पाहिले आहे काय?

माणूस निर्णय कसा घेतो, याची पारख करणारे शास्त्र आहे. कानेमन व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, लाभाच्या आनंदाहून तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक बोचते. परंतु त्यांनी प्रश्न विचारले ते मुख्यतः विद्यापीठातील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना. त्यावरून अखिल मानवजातीविषयी बोलावे काय? २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीचा निष्कर्ष पुन्हा हाती आला. उलट कानेमन-ट्वर्स्कींची मांडणी २०२० साली १९ देशांत, १३ भाषांत तपासली असता बव्हंशी टिकली. कोणते मत टिकेल हे कसोटी लावल्यावरच कळते.

अशी कसोटी आपल्या महाराष्ट्रातही लागलेली आहे. ‘इक्रिसॅट’ या शेती संशोधन संस्थेच्या कार्यातून हान्स बिन्स्वांगर यांनी सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील आणि तेव्हाच्या आंध्रातील काही गावांत शेतकरी व मजुरांपुढे खरा पैसा ठेवला. त्यांत सोलापूरकडील शिरापूर व कळमण ही गावे होती. सुरक्षित पर्याय घेतला तर नाणे कसेही पडो, ठरलेली रक्कम मिळे. सर्वांत धाडसी पर्यायात एका बाजूस तिच्या चौपट, तर दुसऱ्या बाजूस काहीच नाही. मधले पर्यायही होते. ही रक्कम ५० पैशांपासून ५० रुपयांपर्यंत चढविली. मजुराच्या दृष्टीने तो पैसा लहान नव्हता.

१९८० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मननीय आहे. रक्कम मोठी होताच बहुतेक सर्वजण बेताची सावधगिरी बाळगू लागले, आणि सधन व निर्धन यांच्या वृत्तीत फारसा फरक दिसला नाही. नुसत्या तोंडी मुलाखतींतून मिळालेली उत्तरे मात्र या प्रत्यक्ष निवडीशी जुळेनात. मग एक शेतकरी नवे बियाणे घेतो, दुसरा घेत नाही, याचे कारण कोठे शोधावे? बिन्स्वांगर यांचे बोट स्वभावाकडे नसून कर्ज, बाजारपेठ आणि माहिती यांच्या सोयीकडे वळले.

सोलापूरच्या कोरडवाहू रानातील उत्तर सावित्रीकाठच्या भातखाचरांना जसेच्या तसे लागू पडेल, असे आम्ही म्हणणार नाही; तसे म्हणणे हीच ती जुनी चूक ठरेल. येथेही पारख झाली पाहिजे, आणि तीही आपल्या शब्दांत. ‘जुगार खेळाल काय?’ असे विचारल्यास घरातील वडील मंडळी नकारच देतील. तो नकार भीतीचा नसून नीतीचा असेल. ‘पेरणीचे दोन मार्ग आहेत, कोणता धराल?’ असे विचारावे, म्हणजे खरे मन उघडे होईल.

तोवर आमची एवढीच विनंती की, ‘धाडस नाही’ या न तपासलेल्या मतावर आपल्या निधीचे दार लावून घेऊ नये. उद्योग करू पाहणाऱ्या चार तरुणांना उपदेशाऐवजी अल्प व्याजाचे भांडवल द्यावे आणि त्याचा हिशेब चोख ठेवावा. पाच वर्षांनी त्या वहीत जे दिसेल, ते आमच्या या भाषणाहून अधिक प्रमाण मानावे.