सरासरी सगळ्यांना समजली का?



मध्य, मध्यक आणि बहुलक आठवतात ना? सूत्रं पाठ करून आपण गुण मिळवले. पण मध्यक नेमका कधी वापरायचा, हे किती जणांना कळलं होतं? ज्यांना कळलं नाही, ते गप्प बसले. शेजाऱ्याला विचारणं म्हणजे तेव्हा कॉपी!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. गेली तीन वर्षं दर शनिवारी एका महाविद्यालयात सांख्यिकीची तोंडओळखही शिकवते, तीही गटाने शिकण्याच्या पद्धतीने. लॅरी मायकेलसन या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात ती सुरू केली.

पाच ते सात जणांचे गट शिक्षकाने पाडायचे आणि ते सत्रभर बदलायचे नाहीत. धडा घरून वाचून यायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी द्यायची, मग तीच चाचणी गटाने चर्चा करून सोडवायची. गुण दोन्हींचे, त्यामुळे आयत्या बिळावर नागोबा होता येत नाही. उरलेल्या शंकांपुरतंच मी बोलते. त्यानंतर सगळ्या गटांना एकच प्रश्न, आणि उत्तराचं कार्ड सगळ्यांनी एकदम वर करायचं.

एक उदाहरण सांगते. १९७३ साली बर्कले विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. भेदभाव झाला का? जवळजवळ सगळी कार्डं ‘हो’ म्हणतात. मग मी विभागवार आकडे देते. बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध तसा कल दिसत नाही. त्यांचे अर्ज जास्त करून प्रवेश अवघड असलेल्या विभागांत होते. मग वर्गात जुंपते! यंदा कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, मुली त्याच विभागांकडे का वळल्या?” तो प्रश्न कुठल्याही सूत्रात नव्हता.

सुरुवातीला मुलं कुरकुरतात, “मॅडम शिकवतच नाहीत.” चांगले प्रश्न काढायलाही वेळ लागतो.

आपल्यापैकी कितीतरी जण आज शिक्षक आहेत. आपल्या शाळेतल्या दहावीच्या सांख्यिकीच्या धड्यासाठी अशा प्रश्नांचा संच मिळून करू या. आकडे जुळवायचं काम माझं. मुलं कुठे अडतात, ते गुरुजनांनी सांगावं. मागच्या बाकावरचं कुणी या वेळी गप्प राहायला नको.