कार्ड काढताना शेजारी बसणारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आरोग्यविमा हा विषय आजच्या आनंदाच्या दिवशी कोरडा वाटेल. पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्या घराने मोठे आजारपण सोसले आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आपणांस नावाने ठाऊक आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ साली तिला जोतीरावांचे नाव मिळाले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत ठरावीक उपचार मोफत मिळतात. कागदावर सारे सोपे आहे.

पण कार्ड काढायला बसलेली बाई कुठे अडते, ते पाहा. तिचे नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात, आधारकार्डावर मात्र सासरचे. आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा, आणि मुलगा पिंपरीला पाळीवर. तो जेवणाच्या सुट्टीत ओटीपी सांगणार, तोवर त्याची मुदत सरलेली! बोट टेकवावे, तर जन्मभर उसात खुरपून बोटाच्या रेषाच झिजलेल्या. चेहरा टिपूनही ओळख पटते, पण हे तिला सांगणार कोण? आशाताई सांगतात, पण एकटीच्या अंगावर किती घरे घालायची?

शिवाय कार्ड काढायचे धडधाकटपणी, आणि त्यातली चूक कळायची आजारपणात. मी एका शेजारणीबरोबर मिरजेला गेले होते. सासऱ्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. टेबलावरचा आरोग्यमित्र भला माणूस. पण दोन कागदांवरची नावे जुळेनात. फरक एका अक्षराचा. मुलगा दोन दिवस कागद घेऊन धावत होता, आणि ही माउली बाकावर बसून गळ्यातले मणी चाचपीत होती. ते अक्षर कार्ड काढतानाच कुणी वाचले असते, तर?

सावित्रीबाईंचे नायगावही सातारा जिल्ह्यातलेच. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांचा दवाखाना उघडा होता. तरी एका आजारी मुलाला बाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोचवले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आपल्याला कुणाला पाठीवर घ्यायचे नाही. शेजारी बसून दोन कागद ताडून पाहायचे आहेत.

म्हणून दर सोमवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आम्ही चौघी बसणार आहोत. आणखी कोणी आल्यास हव्याच आहेत. ओटीपी ज्याचा त्यानेच सांगायचा, आपण वहीत टिपून ठेवायचा नाही. कार्डाला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नयेत. सत्तरी उलटलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड निराळे मिळते, मिळकत कितीही असो; तेव्हा आपापल्या सासूबाईंना आणावे. दवाखान्यात मात्र अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठावे. सगळीच रुग्णालये योजनेत नसतात, आणि नुसत्या तपासणीच्या गोळ्या-औषधांचा खर्च त्यात येत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे.

येताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड मूळचेच आणावे. झेरॉक्सवर वेलांट्या पुसट येतात, आणि घोटाळा नेमका तिथेच असतो.